खोक्यावरचा आकडा आणि बलश्रीचा लेख

"आत्या, एवढा चांगला फोन आहे हातात, मग वेगळा कॅमेरा कशाला हवाय?" भाचीने विचारलं. मग तिच्या नवऱ्याने विचारलं, मग आमच्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी. तिघांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकते. जन्मभर इतिहास शिकवला असल्यामुळे सुरुवात जरा मागून होणार. घाई असेल त्यांनी सरळ शेवटाकडे जावं, मी रागावणार नाही :)

मला हवा आहे तो खिशात मावणारा, पण लांबचं जवळ आणणारा कॅमेरा. 'ट्रॅव्हल झूम' म्हणतात त्याला. निवृत्तीच्या वर्षी, म्हणजे २००९ साली, असा एक १२ पट झूमचा कॅमेरा घेतला होता. पंधरा वर्षं त्याने इमानाने काम केलं. मग आत-बाहेर करणाऱ्या नळीतून धूळ शिरली आणि प्रत्येक फोटोत आभाळावर एक करडा ठिपका दिसायला लागला. दुरुस्तीवाल्याने बघितलं आणि म्हणाला, उघडण्याची मजुरी कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण बाहेर येणाऱ्या नळीच्या सगळ्याच छोट्या कॅमेऱ्यांना हे दुखणं होऊ शकतं. विकत घेताना मात्र हे कोणी सांगत नाही.

आता इतिहास.

आमच्या लहानपणी घरात कॅमेरा म्हणजे आगफाचा क्लिक थ्री. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. झूम वगैरे काही नाही. फोटो काढणाऱ्यानेच पुढे-मागे सरायचं. मागे सरता सरता आमचे एक काका लग्नात हौदाला धडकले होते, पण ते जाऊ दे. भिंग न बदलता दृश्य जवळ-लांब करण्याची युक्ती तेव्हा जगात नव्हती असं नाही. फ्रँक बॅक या व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या माणसाने 'झूमार' नावाचं भिंग केलं, ते १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिनेमा आणि टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांवर आलं. साध्या फोटोंच्या कॅमेऱ्यासाठी फोइक्टलेंडरने १९५९ साली तेच नाव लावून ३६ ते ८२ मिलिमीटरचं भिंग विकायला काढलं. त्यात काचेचे १४ तुकडे होते. म्हणजे सव्वादोन पट झूमसाठी १४ काचा! सामान्य माणसाच्या खिशात झूम यायला १९८६ उजाडलं. पेंटॅक्सच्या झूम-७० मध्ये ३५ ते ७० मिलिमीटर, दुप्पट. तेव्हा ते अप्रूप होतं.

दुपटीवरून तीसपटीवर उडी कशी गेली? काचा काही जादूने सुधारल्या नाहीत. चित्र जिथे पडतं ती जागाच आकसली. फिल्मची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची, ८६४ चौरस मिलिमीटर. आजच्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. करंगळीच्या नखावर बसेल. चित्र एवढं लहान असलं की भिंगही लहान चालतं. खोक्यावर '२४-७२० मिलिमीटर' लिहिलेलं असतं तेव्हा आतलं खरं भिंग ४ ते १२९ मिलिमीटरच्या आसपासचं असतं. बाकीचा आकडा 'फिल्मच्या हिशेबात' असतो. यात लबाडी नाही, तुलनेला तो हिशेब लागतोच. पण फिल्मच्या चौकटीच्या तिसाव्या हिश्शावर जेवढा उजेड मावेल तेवढाच मिळणार, हे खोक्यावर लिहीत नाहीत. माझ्या मते या जातीच्या कॅमेऱ्यांचा सगळा इतिहास या एका सौद्यात आहे. लांबची नजर घ्या आणि तिची किंमत उजेडात चुकवा.

जातीचा जन्म २००६ चा मानायला हरकत नाही. पॅनासॉनिकने टीझेड-१ काढला, १० पट, ३५ ते ३५०. आत लोलक बसवून उजेड काटकोनात वळवला होता. ही वळवण्याची युक्ती मिनोल्टाने २००२ मध्ये डिमाज एक्स या चपट्या कॅमेऱ्यात वापरली होतीच. पुढच्याच वर्षी टीझेड-३ आला, तोही १० पटच, पण २८ ते २८०. मला ही गोष्ट फार आवडते. आकडा तोच, पण लांबची टोकं थोडी सोडून त्यांनी रुंदी वाढवली. ज्याने अरुंद बोळात उभं राहून वाडा एका फोटोत बसवायचा प्रयत्न केलाय त्याला ३५ आणि २८ मधला फरक सांगावा लागत नाही. म्हणून दुकानात 'किती पट' विचारण्याआधी 'कुठून सुरू होतो' ते विचारावं. २४ पासून होत असेल तर उत्तम.

हात हलण्याचाही एक इतिहास आहे. जुना नियम असा, की जितके मिलिमीटर तितक्याव्या सेकंदात फोटो काढावा. ७२० ला १/७२० सेकंद. सावलीत एवढा उजेड आणायचा कुठून? कंप शोषून घेणारी यंत्रणा निकॉनने १९९४ मध्येच फिल्मच्या एका छोट्या कॅमेऱ्यात बसवली होती. डिजिटल कॅमेऱ्यांत ती रुळली आणि मगच दहा-वीस पट झूमला अर्थ आला. नाहीतर माझ्या वयाच्या हातात ७२० म्हणजे पाण्यातलं प्रतिबिंब.

आणि मग सुरू झाली शर्यत. ५ मेगापिक्सेल, मग ७, ९, १०, १४, १८. नखाएवढ्या जागेत तुकडे पाडत गेले. पटीही वाढल्या, २०१२ ला २०, २०१४ ला ३०. या शर्यतीत एकदा कुणीतरी शहाणपणाने पाऊल मागेही घेतलं. पॅनासॉनिकच्या टीझेड-६० मध्ये १८ मेगापिक्सेल होते, पुढच्या वर्षी २०१५ मध्ये आलेल्या टीझेड-७० मध्ये १२ केले. तुकडे कमी आणि मोठे, म्हणून कमी उजेडात दाणे कमी. आमच्या शाळेत वर्गातली मुलं ७० वरून ४५ केली असती तर जे झालं असतं तेच. पण दुकानात १२ हा आकडा १८ शेजारी कसा दिसणार? २०१६ च्या टीझेड-८० मध्ये परत १८ आले. तेव्हा मला वाटलं, हे आपलं शिक्षण खातंच चालवतंय की काय!

त्याच वर्षी दुसरी वाट निघाली. टीझेड-१०० मध्ये चौपट मोठा सेन्सर आणि झूम फक्त १० पट, २५ ते २५०. सौदा तोच, फक्त पारडं दुसऱ्या बाजूला झुकवलेलं.

यातलं कोणतं पारडं आपलं, हे कॅमेऱ्याकडे बघून ठरत नाही. आपण काय बघायला जातो त्यावर ठरतं. माझ्यापुरतं सांगते.

मी नाशिकची. सहावीच्या मुलांना घेऊन कितीतरी वेळा पांडवलेणी चढले. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या पडवीत मागच्या भिंतीवर, उंचावर, गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई ती. नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या, राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणं भिक्षुसंघाला दान दिलं आणि गेलेल्या मुलाचे पराक्रम दगडात लिहवून ठेवले. सातवाहनांबद्दल आपण पुस्तकात जे शिकवतो त्यातलं पुष्कळसं या भिंतीवरून आलंय. मुलांना मी म्हणायची, बघा, एका आईने लिहवलेला इतिहास. मुलं वर बघायची, मान दुखली की वटवाघूळ शोधायची.

ब्राह्मीत एक बारीक रेघ किंवा एक ठिपका शब्द बदलतो. ठिपका अनुस्वार आहे की दगडाला पडलेला खड्डा, हे ठरवायला अक्षर नीट बघावं लागतं. खाली चिकटून उभं राहिलं की अक्षरं तिरकी दिसतात, म्हणून जमेल तेवढं मागे सरायचं आणि भिंगाने जवळ आणायचं. चार मीटरवरून ७२० ला साधारण २० सेंटिमीटर रुंदीचा तुकडा चौकटीत येतो. दोन-चार अक्षरं, चांगली मोठी.

आता फोन. फोनलाही हल्ली लांबची भिंगं असतात. २०१९ पासून पाच पटीची आली, त्यातही तोच लोलक, तीच मिनोल्टाची युक्ती. पाच पटीपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण फोनवर ३० पट, १०० पट लिहिलेलं असतं तेव्हा भिंग संपलेलं असतं आणि अंदाज सुरू झालेला असतो. २०२३ मध्ये चंद्राच्या फोटोंवरून यावर बराच गवगवा झाला. मुद्दाम अस्पष्ट केलेल्या चंद्रावरही सॅमसंगच्या फोनने खड्डे नि डाग काढून दाखवले होते. गूगलने तर २०२५ च्या पिक्सेल १० प्रो मध्ये फार लांबच्या झूमला चित्र 'तयार करून' भरण्याची सोय उघडपणे दिली. नातवाच्या गॅदरिंगचा फोटो असेल तर काय बिघडतं? पण बलश्रीच्या लेखातला ठिपका यंत्राने अंदाजाने भरला तर तो पुरावा उरत नाही. छोटा कॅमेराही फोटो थोडा घासूनपुसून देतोच, हे खरं. पण भिंगातून येतो तो त्या दगडावरून निघालेला उजेड. अस्पष्ट असेल तर अस्पष्टच दिसतो. इतिहासाच्या माणसाला 'इथे वाचता येत नाही' हीसुद्धा माहिती असते.

याच कॅमेऱ्याला मी अजिंठ्यात मात्र नापास करीन. तिथे फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. लेण्यात अंधार. झूम केलं की भिंगाचं तोंड ३.३ वरून ६.४ वर जातं, म्हणजे उजेड जवळजवळ चौथा हिस्सा उरतो. पद्मपाणीचा चेहरा जवळ आणायला जावं तर हाती दाणेदार चिखल येतो. तिथे झूम विसरून जितकं पुढे जाऊ देतील तितकं जावं आणि रुंद टोकानेच फोटो काढावा. अजिंठ्याचा उजेड भल्याभल्यांना पुरलेला नाही. रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये या चित्रांच्या नकला करायला नेमलं होतं. त्याने वर्षानुवर्षं तिथे बसून रंगवलेल्या बऱ्याचशा नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे त्याने कॅमेरा घेतला, तेव्हा लेण्यांची शिल्पं नि दर्शनी भाग टिपले. आतली चित्रं टिपायला त्या काळच्या काचा पुरेशा नव्हत्या.

मग तरी मला तीसपटच का हवा? गुडघ्यांमुळे. फोटो शिकवणारे तरुण सांगतात, झूम वापरू नका, पायांनी जवळ जा. पाय असतील तोवर ठीक आहे हो. हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या कातळपायऱ्या मी पस्तिशीत चढले. आता पायथ्याशी बसते आणि चढणाऱ्या मुलांना बघते. एक किलोमीटरवरून ७२० ची चौकट ५० मीटर रुंद असते, पायऱ्यांवर कोण थांबलंय ते कळतं. सकाळी नऊच्या आत मात्र. ऊन तापलं की हवा थरथरते आणि मग कितीही महागाचं भिंग असलं तरी पायऱ्या वितळतात. चंद्राचंही सांगून टाकते. ७२० ला तो चौकटीच्या उंचीचा पावभागाहून थोडा जास्त भरतो, जुन्या ३०० ला नववा हिस्सा भरायचा.

अजून एक अट, चष्मेवाल्यांसाठी. डोळा लावून बघायची खिडकी हवीच. उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकला की हात निम्मा स्थिर होतो. टीझेड-६० पासून ती खिडकी आली होती. २०२५ मध्ये आलेल्या टीझेड-९९ मधून ती काढून टाकली. चार्जिंगची नवी पिन दिली आणि खिडकी नेली! कॅननचा २०१८ चा एसएक्स-७४० चाळीसपट, पण खिडकी त्यालाही नाही. सोनीच्या २०१५ च्या एचएक्स-९०व्ही ला आहे, बटण दाबलं की वर येते, तीसपट झूमसह. फोनमुळे हे कॅमेरे विकले जाईनात, म्हणून निवड आटली आहे. २०१० मध्ये जगभर सगळे मिळून १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे दुकानांकडे गेले होते. २०२३ मध्ये भिंग जोडलेले छोटे कॅमेरे १७ लाखांच्या घरात होते.

तेव्हा माझा कौल जुन्यालाच, तो बारा मेगापिक्सेलवाला टीझेड-७०, नाहीतर तो सोनी. दोन्ही वापरलेलेच शोधावे लागतील. घेताना तीन गोष्टी बघणार आहे. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून धुळीचा ठिपका आहे का ते. नळी पूर्ण बाहेर काढून कुरकुरते का ते. आणि बॅटरी फुगली नाही ना ते. नवी बॅटरी मिळत असेल तर दोन घेईन.

नातलगांपैकी कुणाच्या कपाटात यातला एखादा पडून असेल तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी मला फोन करा. चार्जरसकट शोधून ठेवा. दिवाळीनंतर पांडवलेण्याला जायचं आहे. पायऱ्या आहेत, पण सावकाश चढेन म्हणते.