सोमवारी छाती भरते का?

"पीएचडीत तू नक्की काय करतेस गं?" असं कोणी विचारलं की मी "धूळ मोजते" म्हणते. पुढचा प्रश्न सहसा येत नाही. पण तुम्हाला आज थोडं सविस्तर सांगणार आहे. जुने शोधनिबंध चाळताना कापड गिरण्यांतल्या धुळीवरचे काही पेपर हाती लागले, आणि दोन दिवसांत उरकायचं वाचन दोन महिने चाललं. माझ्या गाइडना हे अजून पूर्ण पटलेलं नाही.

आमचं मूळ घर लालबागचं. आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते. ते गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, त्यामुळे आठवतो तो मुख्यतः त्यांचा श्वास. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते थांबायचे. "आजोबांना दमा होता", एवढंच आम्हाला माहीत. एका दवाखान्याचा जुना केसपेपर आजीच्या ट्रंकेत आहे, त्यावर 'ब्राँकायटिस' लिहिलंय. आजी मात्र एक गोष्ट नेहमी सांगते. "रविवारी बरे असायचे गं. सोमवारी पाळीवरून आले की खालच्या पायरीवरच बसायचे. बुधवार-गुरुवारपर्यंत पुन्हा ठीक." मी हे शंभरदा ऐकलं होतं. ते निदान आहे, हे मला पेपर वाचल्यावर कळलं.

कापूस, ताग, अंबाडी यांच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची अडचण अशी की तो सहज सापडत नाही. सिलिकोसिसमध्ये एक्स-रेवर डाग दिसतात, इथे एक्स-रेवर खास अशी कुठलीच खूण नसते. शेवटच्या टप्प्यातला कामगार आणि आयुष्यभर विडी ओढलेला माणूस यांची छाती तपासून दोघांत फरक करणं फार कठीण. मग डॉक्टरांच्या हाती काय उरतं? कामगाराला विचारणं. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरणी कामगारांसाठी प्रश्नावली तयार केली. तिचा कणा एकच प्रश्न: सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते का? अधूनमधून होत असेल तर श्रेणी अर्धी. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी होत असेल तर श्रेणी एक. त्या दिवशी आणि इतर दिवशीही, तर दोन. आणि फुप्फुसाची ताकद कायमची कमी झाली असेल तर तीन. जोडीला पाळीच्या आधी आणि नंतर फुंकर मारायला लावून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचं.

सुटीनंतरच्याच दिवशी का? धूळ रोज अंगावर येत असली की श्वासनलिका काही प्रमाणात तिला सरावतात. एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने तो सराव मोडतो, आणि पुन्हा धूळ आली की त्या जोरात आकसतात. या धुळीतला मुख्य गुन्हेगार म्हणून आज बोट दाखवलं जातं ते एंडोटॉक्सिनकडे. कापसाच्या बोंडाला चिकटून आलेल्या पानापाचोळ्यावर जे जिवाणू असतात, त्यांच्या आवरणाचा हा भाग. शांघायमध्ये १९८१ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात सुमारे साडेचारशे सुती गिरणी कामगार आणि जवळजवळ तितकेच रेशीम गिरणी कामगार घेतले, आणि पुढे कित्येक दशकं त्यांच्या मागावर राहिले. रेशमाच्या गिरणीत यंत्रं तशीच, गोंगाट तसाच, पण ही धूळ नाही. सुती कामगारांच्या फुप्फुसांची ताकद जास्त वेगाने घटली, आणि धूळ सुटल्यावर काही अंशी सावरलीही. त्या 'काही अंशी'पाशी मी बराच वेळ थांबले होते.

आता शिलिंग यांच्या प्रश्नाकडे पुन्हा बघा. तो विचारायचा तर आधी सुटी हवी ना?

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी १८५६ साली चालू झाली. पुढची तीसेक वर्षं गिरणी कामगाराला हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राहायची, रविवारी यंत्रं साफ करायलाही बोलावणं यायचं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा घेतली, साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर आणि काम करताना जायबंदी झालेल्याची सोय, अशा त्यातल्या मागण्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटी आली.

रविवारच्या सुटीची ही गोष्ट व्हॉट्सॅपवर दर वर्षी फिरते. तिच्या पुढचं हे अनुमान माझं आहे, चुकलं तर सांगा. १८९०पूर्वीही कार्डिंग खात्यात धूळ होती, छातीही भरत असणार. पण ठरलेली विश्रांतीच नसेल तर आजाराला ठरलेली लय येणार नाही, आणि लय नसेल तर 'याला नेहमीचा खोकला आहे' यापलीकडे कोणाच्या काही लक्षात येणार नाही. लोखंड्यांनी रविवार मिळवला आणि त्याबरोबर सोमवारही मिळाला, ज्या दिवशी हा आजार दिसू शकतो.

विजेचंही थोडं सांगायला हवं, कारण आमच्या शास्त्रात नुसती धूळ किती हे पाहून चालत नाही. शरीरात गेलेली मात्रा म्हणजे हवेतलं प्रमाण गुणिले वेळ. गिरणीचा दिवस आधी सूर्यावर चालायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तेजीच्या काळात दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. ओरड झाली, आयोग नेमला गेला, आणि १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी पहिल्यांदा मर्यादा घातली: बारा तास. १९१५ पासून टाटांची खोपोलीची जलविद्युत गिरण्यांत येऊ लागली, हळूहळू चिमण्या कमी धुरकट झाल्या. गिरणगावाच्या आकाशाला त्याचा फायदा झालाच. खात्याच्या आतली धूळ मात्र कोळशाची नव्हती, ती तशीच राहिली. उलट पुढे कार्डिंगची यंत्रं जास्त वेगाने चालू लागली तशी कापूस झोडपताना उडणारी बारीक धूळ वाढली. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवायची, म्हणून खिडक्या बंद. धूळ जाणार कुठे?

ती मोजायची कशी, हा माझा आवडता भाग. गिरणीच्या हवेत डोळ्यांना दिसतो तो तरंगणारा कापूस, म्हणजे लांब तंतू. ते नाकात अडकतात, फुप्फुसात उतरत नाहीत. तेव्हा सगळी हवा गाळून वजन केलं तर तंतूंचंच वजन भरतं आणि आकडा फसवतो. यावर तोडगा म्हणजे एक उभं, रुंद नळकांडं. त्यातून हवा खालून वर अगदी सावकाश ओढायची, मिनिटाला ७.४ लिटर. जड कण आणि तंतू खालीच राहतात, साधारण १५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण तेवढे वरच्या फिल्टरवर जमा होतात. अमेरिकेने १९७८ साली सूतकताईसाठी जी मर्यादा ठरवली ती याच पद्धतीने मोजलेली आहे: एका घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅम. गिरणीमालक कोर्टात गेले, खर्च आणि फायद्याचं गणित मांडा म्हणाले. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याला ते गणित लागत नाही, कामगाराचं आरोग्य शक्य तितकं राखणं लागतं. आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात घातक पदार्थांच्या मर्यादांची यादी आली. तिच्यात कच्च्या कापसाच्या धुळीसमोर हाच आकडा होता, ०.२.

मुंबईत तोवर काय झालं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच जणांसाठी गिरणी पुन्हा उघडलीच नाही. आमच्या आजोबांसाठी नाही उघडली. मर्यादा कागदावर आली तेव्हा ती ज्यांच्यासाठी हवी होती त्यातले किती तरी लोक गेटच्या बाहेर होते.

नुकसानभरपाईचं घोडं इथेच अडतं. बिसिनोसिस राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता, पण ज्या गटात होता तिथे ठरावीक काळ सलग त्या कामात असणंही लागायचं. (इंग्लंडमध्ये सुरुवातीला वीस वर्षांची अट होती, तेव्हा आपणच कडक असं नाही.) बदली कामगाराने हे कुठून दाखवायचं? गेटवर उभं राहून कोणी गैरहजर असेल तरच काम, आज या खात्यात, उद्या त्या. त्याची सुटी त्याची नव्हती, म्हणून त्याचा सोमवारही पक्का नव्हता. शिवाय लालबागची हवा. केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या गटाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या रहिवाशांच्या श्वसनाची प्रदूषणाशी सांगड घालून तपासणी केली होती. गिरणीत पाऊल न टाकलेल्या माणसांनाही त्या हवेचा त्रास होता. मग वैद्यकीय मंडळापुढे बसलेल्या कामगाराला हमखास ऐकावं लागणार: हे विडीचं कशावरून नाही, चाळीतल्या स्टोव्हचं कशावरून नाही? तरीही मुंबईतल्या एका गिरणीत डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांच्या गटाने चिकाटीने तपासणी केली, त्यांचा बिसिनोसिसवरचा निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. अहमदाबादच्या गिरण्यांवरचा असाच अभ्यास १९८९चा आहे. आजोबा तेव्हा हयात होते. त्यांना कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं असतं असंही मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात आजीसमोर बसून मी शिलिंग यांची प्रश्नावली मराठीत वाचली, आजोबांच्या वतीने उत्तरं द्यायला सांगितलं. शास्त्रीयदृष्ट्या याला काडीची किंमत नाही, मेलेल्या माणसाची मुलाखत बायकोकडून घेऊन श्रेणी लावता येत नाही. आजीने तरी सगळी उत्तरं दिली. "पहिल्या दिवशी की रोज?" या प्रश्नावर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आधी सोमवारी. मग रोज."

आता मुंबईतून कापूस गेला, पण राज्यातून गेलेला नाही. विदर्भात जिनिंग आहे, इचलकरंजीला सूतगिरण्या आहेत, भिवंडी-मालेगावात यंत्रमाग आहेत. तिथे कधी कोणी ही प्रश्नावली घेऊन गेलं तर एक दुरुस्ती आधीच करून ठेवा. 'सोमवार' हा शब्द त्यात लिहू नका. मालेगावात यंत्रमागाची सुटी शुक्रवारी असते, तिथे शनिवारचं विचारावं लागेल.