'पंच' पेयाची कुळकथा

आजच्या मद्यगृहांतील मिश्रपेयांच्या पूर्वजांत 'पंच' या पेयाचे स्थान अग्रगण्य होय. हा शब्द आपल्या 'पाच'वरून आला, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. आधार मुख्यतः जॉन फ्रायरचा. १६९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत तो म्हणतो की, गोव्यातील नेरूलचा उत्कृष्ट अर्क घेऊन या किनाऱ्यावरचे इंग्रज हे पेय सिद्ध करीत, व पाच घटकांवरून त्यास हे नाव पडले. अर्क, साखर, लिंबाचा रस, मसाला व पाणी हे ते पाच, असे यूल व बर्नेल यांचा १८८६ चा कोश सांगतो. तेथे मराठी 'पाच'चाही निर्देश आहे.

परंतु १६३८ मध्ये सुरतेस आलेला मांडेल्स्लो चारच घटक देतो: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर! शिवाय इंग्रजी लेखनात हा शब्द १६३२ पासून आढळतो, आणि त्या काळी त्याचा उच्चार 'पुंच' असा होई. 'पाच'पासून तो साधणे कठीणच. म्हणून ही व्युत्पत्ती वर्गात सांगताना 'कदाचित' हा शब्द गाळू नये. पेयाची गोष्ट वेगळी. ते याच देशातील वखारींत रुजले, आणि कंपनीच्या बंदरांतील खलाशांच्या मद्यगृहांस पुढे 'पंच-हाऊस' हेच नाव पडले.