निरोप्याची नीती

एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचवताना पाळायची बंधने. वृत्तपत्र, वाहिनी आणि मोबाइल यांच्या संदर्भात यालाच माध्यमनीती म्हणतात. मजकूर खरा असावा, तो कोणाचा हे कळावे, विश्वासाने सांगितलेले फुटू नये आणि पैसे घेऊन बातमी छापू नये, ही तिची मुख्य अंगे.

वऱ्हाडात हा विषय कौंडण्यपुरापासून सुरू करावा लागतो. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीकाठचे हे गाव म्हणजे परंपरेने विदर्भाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर. भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले, तेव्हा तिने एका विश्वासू ब्राह्मणाकरवी द्वारकेला कृष्णाकडे निरोप धाडला. भागवताच्या दशम स्कंधात (अध्याय 52) तो सात श्लोकांत आहे. तिथे ब्राह्मणाला नाव नाही. मराठी परंपरा त्याला सुदेव म्हणते. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ने ही कथा मराठी घरांत रुजवली.

रुक्मिणीच्या धैर्याचे कौतुक सगळेच करतात, निरोप्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. हा माणूस राजवाड्यातले गुपित उराशी धरून निघाला होता. द्वारकेत त्याने निरोप रुक्मिणीच्या तोंडचा, तिच्याच ‘मी’ने सांगितला. स्वतःचे जोडले ते शेवटी एवढेच, की हे गुप्त निरोप मी आणले आहेत, आता विचार करून जे करायचे ते लगेच करावे. तिखटमीठ नाही, शेरा नाही. उत्तर घेऊन तो परतला, कृष्ण आल्याचे आणि त्याने दिलेले वचन त्याने तिला सांगितले. त्याला द्यायला तोलाचे काहीच दिसेना, तेव्हा राजकन्येने त्याला नमस्कार केला. बातमी आणणाऱ्याचा याहून मोठा मान आपल्या वाङ्मयात शोधून सापडणे कठीण.

याच जिल्ह्याच्या ठिकाणी नोव्हेंबर 2021 मध्ये याच्या उलट घडले. त्रिपुरातील हिंसाचाराच्या घटनांविषयी खऱ्याखोट्याची सरमिसळ मोबाइलवरून फिरली. त्या घटनांच्या निषेधार्थ 12 तारखेला निघालेल्या मोर्चानंतर आणि त्याला उत्तर म्हणून 13 ला पुकारलेल्या बंदमध्ये अमरावतीत दगडफेक व जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. आलेला मजकूर न तपासता पुढे पाठवणाराही निरोप्याच. जबाबदारीतून त्याची सुटका नाही.

पैशाचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे, कारण त्यात चूक अजाणता होत नाही. महाराष्ट्राच्या 2009 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवाराची स्तुती करणारा एकच मजकूर, शब्दही न बदलता, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उघडकीस आणले आणि पैसे घेऊन छापलेल्या बातमीसाठी ‘पेड न्यूज’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. भारतीय प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने या रोगाचा सविस्तर अहवाल 2010 मध्ये दिला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने तो बाजूला ठेवून संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश केंद्रीय माहिती आयोगाला 2011 मध्ये द्यावा लागला.