माटुंगा : पदवी आणि पगार यांच्या मधली वस्ती

पदवीधर मुलाला पहिली नोकरी जड गेली, की आपण दोष त्याच्या माथी मारून मोकळे होतो. वेळ पाळता येत नाही, साहेबाशी बोलता येत नाही, आठ तास एका जागी बसायची सवय नाही, अशी यादी तयारच असते. जुळवून घ्यायचे ते त्यानेच, हे आपण गृहीतच धरतो. माटुंग्याचा इतिहास वेगळी साक्ष देतो. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इंप्रुव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचे रस्ते आणि प्लॉट आखले. पुढे याच टापूत १९२३ साली भायखळ्याहून व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था आली, १९३७ साली रुइया आणि खालसा, १९४१ साली पोदार कॉलेज निघाले, आणि १९४३ साली यूडीसीटीचे, म्हणजे विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे, बिऱ्हाडही इथेच आले. त्याच गल्ल्यांत फोर्टातल्या कचेऱ्यांत जाणारा कारकून वर्ग राहत होता. कॉलेजातून कचेरीत जाण्याचा भार इथे एकट्या मुलावर पडला नाही, तो शिक्षणसंस्थेने आणि वस्तीने वाटून घेतला, असे माझे म्हणणे आहे.

आधी संस्थेचा वाटा पाहू. व्हीजेटीआयची स्थापना १८८७ची. तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांत मॅनेजर आणि इंजिनिअर अनेकदा लँकेशायरहून आणावे लागत. ती माणसे इथेच घडावीत म्हणून दिनशा पेटिटांसारख्या गिरणीमालकांनी या शाळेला हात दिला. इथल्या शिक्षणात फळा आणि वही यांच्या बरोबरीने वर्कशॉप होते. लेथवर उभे राहायचे, कानस चालवायची, भट्टीपुढे घाम गाळायचा. १९३३ साली निघालेल्या यूडीसीटीनेही सुरुवात कापडाच्या रसायनशास्त्रापासून आणि केमिकल इंजिनिअरिंगपासून केली, म्हणजे शहरातल्या कारखान्यांना जे हवे होते तेच हाती घेतले. असा विद्यार्थी नोकरीच्या पहिल्या दिवशी यंत्रापुढे उभा राही, तेव्हा यंत्र त्याला अनोळखी नसे.

कला आणि वाणिज्य शाखांच्या मुलांना अशी वर्कशॉपे नव्हती. त्यांची उणीव वस्तीने भरून काढली. इतिहासकार निखिल राव यांनी माटुंग्यावरच्या अभ्यासात दाखवले आहे, की दक्षिणेतून आलेले टायपिस्ट, स्टेनो आणि कारकून इथल्या नव्या फ्लॅटांत स्थिरावले आणि मागून येणाऱ्यांना त्यांचा आधार झाला. टायपिंगच्या क्लासात मिनिटाला इंग्रजीचे ४० किंवा मराठीचे ३० शब्द गाठले, की सरकारी परीक्षेचे प्रमाणपत्र हाती पडे आणि बी.ए.च्या पदवीला कचेरीत किंमत येई. राहिला जेवणाचा प्रश्न. १९४२ साली ए. रामा नायक यांनी माटुंगा स्टेशनबाहेर उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम, ताक, आणि पोट भरेपर्यंत वाढप. घर दूर असलेल्या, पगार तुटपुंजा असलेल्या नवख्या नोकरदाराला अशा खानावळीचा किती आधार वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको. पहिल्या अर्जासाठी ओळखही लागे, आणि ती याच गल्ल्यांत मिळे.

यावर पहिला आक्षेप असा, की ही ओळख आपापल्यांपुरतीच होती. तो खराच आहे. ‘मार्मिक’ साप्ताहिकातल्या ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरातल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या याद्या आणि १९६६ची शिवसेना या ओळखीबाहेर राहिलेल्यांच्या असंतोषातूनच आल्या. दाक्षिणात्यांना लक्ष्य करण्याच्या त्या मोहिमेमुळे माणसांना भोगावे लागले, हेही लपवू नये. पण त्या असंतोषाला उत्तर म्हणून काय उभे राहिले, ते पाहा. पुढे बँकांत, विमा कंपन्यांत स्थानीय लोकाधिकार समित्या स्थापन झाल्या. मराठी मुलाला नोकरीत शिरकाव मिळवून देण्यासाठी झगडणारी तीही एक यंत्रणाच होती. म्हणजे एकट्याच्या हुशारीवर नोकरीत निभाव लागत नाही, याबद्दल भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचे एकमत होते.

दुसरा आक्षेप काळाचा. तेव्हा कायमची नोकरी होती, आज दोन वर्षांत कंपनी बदलते, मग ती जुनी व्यवस्था आणायची कुठून? जुनी वस्ती परत येणार नाही, आणि जातीपातीची ओळख परत यावी असे म्हणणाराही कोणी शहाणा नाही. पण सर्वांना खुला असा मार्ग कायद्याने केव्हाच आखून दिला आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कक्षेत १९७३च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधरही आले. कारखान्याने त्यांना विद्यावेतन देऊन वर्षभर काम शिकवायचे. पश्चिम विभागासाठी हे काम पाहणारे मंडळ माटुंग्याच्या शेजारी शीवलाच आहे. ज्या कंपन्या नवख्याकडून पहिल्या दिवसापासून तयार माणसाची अपेक्षा ठेवतात, त्यांनी आधी शिकवण्याचा आपला वाटा उचलावा, आणि कॉलेजांनी पदवीदान समारंभाला आपल्या जबाबदारीचा शेवट मानू नये.