शाळेतील प्रार्थना : अमेरिकेतील एक जुना वाद

शाळेची घंटा होते, मुले रांगेने उभी राहतात, हात जोडतात आणि प्रार्थना सुरू होते. आपल्या खेड्यापाड्यांतून ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिच्यात वादाला काही जागा असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. प्रार्थनेने कुणाचे काय वाईट व्हायचे आहे? झाले तर भलेच होईल! पण श्रोते हो, अमेरिकेत नेमक्या याच गोष्टीवरून गेली एकशेऐंशी वर्षे वाद चालू आहे. त्यापायी दंगली झाल्या, चर्चे जळाली, लहान पोरांनी छड्या खाल्ल्या आणि शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला त्यात पडावे लागले. ती हकीकत आज सांगायची आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाळेतल्या प्रार्थनेला विरोध म्हटला की आपल्याला वाटते, हा आस्तिक आणि नास्तिक यांचा झगडा असणार. अमेरिकेचा इतिहास पाहिला तर तसे दिसत नाही. तिथे पहिली तक्रार केली ती देवाला मानणाऱ्यांनी. नुसते मानणाऱ्यांनी नव्हे, तर चांगल्या कट्टर भाविकांनी. असे का झाले, ते बघू या.

१८३७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि होरेस मान हे गृहस्थ त्याचे चिटणीस झाले. गरिबाचा आणि श्रीमंताचा मुलगा एका बाकावर बसावा, सरकारी खर्चाने शिकावा, ही त्यांची तळमळ. प्रश्न आला धर्माचा. देशात भरणा प्रॉटेस्टंट लोकांचा, आणि त्यांच्यातही अनेक शाखा. मान यांनी तोड काढली : कुठल्याही एका शाखेची शिकवण शाळेत द्यायची नाही, बायबल तेवढे वाचायचे, आणि तेही त्यावर काही भाष्य न करता. यात कुणाचे काय बिघडणार, असे त्यांना मनापासून वाटत होते.

पण त्याच सुमारास आयर्लंडमधून कॅथॉलिक लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत येऊ लागले. शाळेत वाचले जाई ते बायबल इंग्लंडच्या जेम्स राजाच्या वेळचे, १६११ सालचे भाषांतर, म्हणजे प्रॉटेस्टंटांचे. कॅथॉलिकांचे भाषांतर निराळे. शिवाय धर्मग्रंथाचा अर्थ चर्चच्या परंपरेला धरून समजून घ्यावा, ही त्यांची शिस्त. तेव्हा ‘भाष्याशिवाय वाचन’ ही जी गोष्ट मान यांना निःपक्षपाती वाटत होती, तीच कॅथॉलिकांच्या दृष्टीने प्रॉटेस्टंटांची रीत होती! आपल्याकडे पंढरीच्या एकाच वाटेवर चालणाऱ्या दोन फडांचे रिवाजसुद्धा निराळे असतात. इथे तर पंथच निराळे. बहुसंख्यांना जे सर्वांचे वाटते, ते खरोखर सर्वांचे असतेच असे नाही. हा धडा अमेरिकेला पुढे पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

१८४२ साली फिलाडेल्फिया शहराचे बिशप केनरिक यांनी शाळांच्या अधिकाऱ्यांना विनंती केली, की आमच्या मुलांना आमचे बायबल वाचू द्यावे आणि परक्या पंथाच्या धर्मशिक्षणातून मोकळीक द्यावी. अधिकाऱ्यांनी पुढल्या वर्षी काही सवलत दिली. पण गावात आवई उठली, की हे परदेशी लोक शाळेतून बायबलच हद्दपार करायला निघाले आहेत! १८४४ च्या मे महिन्यात दंगल पेटली. आयरिश लोकांची घरे जळाली, दोन कॅथॉलिक चर्चे जाळली गेली. जुलैत पुन्हा भडका उडाला. दोन्ही दंगलींत मिळून किमान वीस माणसे मेली. आणि हे सगळे कशावरून, तर शाळेत पोरांनी कुठले बायबल वाचावे, यावरून.

१८५९ साली बॉस्टन शहरात एका सरकारी शाळेत दहा-अकरा वर्षांचा एक कॅथॉलिक मुलगा उभा राहिला आणि दहा आज्ञांचा प्रॉटेस्टंट पाठ म्हणायला त्याने नकार दिला. दुय्यम मुख्याध्यापकांनी त्याच्या हातांवर अर्धा तास छड्या मारल्या. प्रकरण कोर्टात गेले आणि मास्तर निर्दोष सुटले. तो मुलगा देव मानीत नव्हता काय? मानीत होता, आणि मानीत होता म्हणूनच तर तो गप्प राहिला!

पुढे वारे हळूहळू बदलले. १८९० साली विस्कॉन्सिन राज्यातील एजर्टन गावच्या कॅथॉलिक पालकांची बाजू त्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने उचलून धरली आणि सरकारी शाळेतील बायबल-वाचन हे एका पंथाचे शिक्षण ठरवले. मात्र हे निकाल राज्या-राज्यांपुरते होते. ‘सरकारने कुठल्याही धर्माची स्थापना करू नये आणि कुणाच्या धर्माचरणाला आडकाठी करू नये’, अशा आशयाचे कलम अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून होते खरे, पण ते राज्यांनाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मानले ते १९४० नंतर.

त्याच सुमारास आणखी एक प्रश्न उभा राहिला. ‘जेहोवाज विटनेसेस’ या छोट्या ख्रिस्ती पंथाची मुले शाळेत ध्वजाला सलामी देत नसत. देवाखेरीज दुसऱ्या कशालाही वंदन करायचे नाही, ही त्यांची श्रद्धा. १९४० साली न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. त्यानंतर देशात ठिकठिकाणी या लोकांवर हल्ले झाले. मग तीनच वर्षांनी, १९४३ साली, ऐन महायुद्ध चालू असताना, त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. न्यायमूर्ती जॅक्सन यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की श्रद्धेच्या आणि मताच्या बाबतीत सरकारने कुणाच्याही तोंडून सक्तीने शब्द वदवू नयेत. युद्धाच्या धामधुमीत असे म्हणायला धैर्य लागते हो!

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. १९५१ साली न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षणविषयक मंडळाने स्वतःच एक प्रार्थना रचली. अवघ्या २२ इंग्रजी शब्दांची. तिच्यात येशूचे नाव नव्हते, कुठल्या ग्रंथाचा उल्लेख नव्हता. देवा, आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत. आमच्यावर, आईबापांवर, शिक्षकांवर आणि देशावर कृपा कर, एवढाच भाव. ज्याला म्हणायची नसेल त्याने गप्प राहावे किंवा वर्गाबाहेर जावे, अशीही मुभा होती. तरी लाँग आयलंडवरच्या पाच पालकांनी दावा लावला. त्यांत ज्यू होते, युनिटेरियन पंथाचे होते, आणि देव न मानणारेही होते.

२५ जून १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला : प्रार्थना रचणे हे सरकारचे कामच नव्हे. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक हे स्वतः बॅप्टिस्ट पंथाचे आणि तरुणपणी रविवारच्या धर्मशाळेत शिकवणारे गृहस्थ. त्यांनी दाखला दिला तो इंग्लंडच्या इतिहासाचा. १५४९ साली तिथे सरकारी प्रार्थनापुस्तक निघाले. मग राज्यकर्ता बदलला की पुस्तक बदले! १५५२ साली दुरुस्त झाले, मेरी राणीने रद्द केले, १५५९ साली एलिझाबेथ राणीने पुन्हा आणले. कुणी कशी प्रार्थना करायची हे दरबारात ठरू लागले, म्हणून तर कित्येक लोक घरदार सोडून अमेरिकेत आले. ब्लॅक यांचे म्हणणे असे, की सरकारचा हात प्रार्थनेला लागला म्हणजे प्रार्थनेचेच मोल उतरते. आणि ‘बाहेर जाण्याची मुभा’ म्हणाल, तर वर्ग उभा असताना एकट्या पोराने दाराबाहेर जाणे किती अवघड असते, हे शिक्षकांना काय सांगायला पाहिजे?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एकटे विरोधी मत दिले ते न्यायमूर्ती स्ट्यूअर्ट यांनी. ज्यांना प्रार्थना म्हणायची आहे त्यांना ती म्हणू दिल्याने सरकारी धर्म कसा काय स्थापन होतो, असा त्यांचा प्रश्न होता. देशातल्या पुष्कळ लोकांना तो पटत होता. निकालावर मोठे काहूर उठले. त्या वेळचे अध्यक्ष केनेडी हे त्या पदावर आलेले पहिले कॅथॉलिक. त्यांनी लोकांना सांगितले, की यावर एक सोपा उपाय आहे : आपण घरी अधिक प्रार्थना करू आणि चर्चमध्ये अधिक निष्ठेने जाऊ.

पुढल्याच वर्षी, १७ जून १९६३ रोजी, पेन्सिल्व्हानियाचा खटला निकालात निघाला. तिथे कायद्याने रोज बायबलची किमान दहा वचने वाचावी लागत. एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने १९५६ साली हे वाचन चालू असता निषेध म्हणून कुराण उघडून मनाशी वाचले, आणि तिथून खटल्याला सुरुवात झाली. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी हे वाचन घटनाबाह्य ठरवले. मात्र न्यायमूर्ती क्लार्क यांनी एक गोष्ट स्वच्छ सांगितली : धर्माचा इतिहास किंवा बायबलचे वाङ्मय म्हणून अध्ययन शाळेत खुशाल करावे. धर्माविषयी शिकवणे वेगळे आणि धर्माचरण करवून घेणे वेगळे. आणि मुलाने आपल्या मनाने, दुसऱ्याला त्रास न देता देवाचे नाव घेतले, तर त्याला मनाई कधीच नव्हती.

वाद मात्र तिथे संपला नाही. घटना बदलून प्रार्थना परत आणण्याचे प्रयत्न झाले. १९८४ साली सिनेटमध्ये ५६ विरुद्ध ४४ मते पडली, पण दोन-तृतीयांश मते न मिळाल्याने ठराव फेटाळला गेला. १९९२ साली पदवीदान समारंभातील धर्मोपदेशकाची प्रार्थना आणि २००० साली फुटबॉल सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून होणारी प्रार्थना न्यायालयाने अमान्य केली. २०२२ साली काटा दुसरीकडे झुकला. सामन्यानंतर मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या एका प्रशिक्षकाच्या बाजूने सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला. ती त्याची खाजगी प्रार्थना होती, असे बहुमताने मानले. तर ज्याच्या हाती संघाची निवड असते त्याच्या प्रार्थनेचा खेळाडू मुलांवर दाब पडतो, असे अल्पमताने म्हटले. २०२४ साली लुइझियाना राज्याने सरकारी शाळांच्या वर्गांत दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला आणि तोही लगेच कोर्टात गेला.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध आहे काय? आहे. आपल्या घटनेचे २८ वे कलम सांगते, की संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला पालकाच्या संमतीवाचून बसवायचे नाही. १९८६ साली केरळमधल्या तीन भावंडांचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ती त्याच जेहोवाज विटनेसेस पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकले होते. न्यायालयाने परत घ्यायला लावले, आणि निकालात अमेरिकेच्या १९४३ च्या त्या निवाड्याचाही विचार केला. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला होता. त्यालाही सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले.

याचा अर्थ शाळेतून प्रार्थना हद्दपार करा, असा मुळीच नाही. साने गुरुजींची प्रार्थना महाराष्ट्रातल्या किती शाळांतून म्हटली जाते! पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती प्रेमाने म्हटली आहे. पण न्यूयॉर्कच्या त्या मंडळालाही वाटले होते, की आपले २२ शब्द कुणालाच खुपणार नाहीत. म्हणून माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते, की प्रार्थना कोणती म्हणावी याचा जितका विचार आपण करतो, तितकाच ती न म्हणणाऱ्या मुलाशी कसे वागावे याचाही करावा. रांगेत एखादा मुलगा ओठ मिटून उभा दिसला, तर तो उद्धट आहे असे चटकन धरून चालू नये. कदाचित त्याच्या घरी देवाला दुसऱ्या नावाने हाक मारीत असतील, कदाचित मारीतही नसतील. त्याला वेगळे उभे करू नये, चारचौघांत त्याला विचारू नये, इतर मुलांना त्याची चेष्टा करू देऊ नये. कायद्याचा हात वर्गापर्यंत पोचायला वर्षे लागतात. शिक्षकाला मात्र हे उद्या सकाळीच करता येण्यासारखे आहे.