मंदावलेल्या हृदयावरचा उतारा

जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेले प्रोप्रानोलॉल, म्हणजे अॅड्रेनलिनचा हृदयावरील परिणाम रोखणारे बीटा-ब्लॉकर गटातील औषध, हृदयशूळावर गुणकारी ठरले. मात्र त्याची मात्रा अति झाली की नाडी मंदावते, रक्तदाब कोसळतो आणि नाडीचा वेग वाढवणारे अॅट्रोपिन हे औषध बहुधा अपुरे पडते. १९७०च्या दशकात, रोखल्या गेलेल्या मार्गाला वळसा घालून हृदयाला चेतवणारे ग्लुकागॉन हे संप्रेरक उतारा म्हणून पुढे आले, तर १९९०च्या दशकानंतर, हृदयस्नायूला साखर वापरण्यास मदत करणारे मोठ्या मात्रेतील इन्सुलिन ग्लुकोजच्या जोडीने रुळले. हे उपचार अतिदक्षता विभागातच होत असल्याने, १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील सेनगावसारख्या तालुक्यात, २०१४ पासून राज्यात धावणारी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका हाच त्यांचा पहिला दुवा ठरतो.