आठ-बिटी गृहसंगणकाची इतिहाससाधने : झेड. एक्स. स्पेक्ट्रमच्या हौशी अभ्यासकांचे कार्य

यंत्राचा इतिहास लिहावयाचा तर केवळ यंत्र हाती असून भागत नाही. ते कसे चालत असे, त्यावर काय चालविले जात असे आणि वापरणाऱ्यांना त्याविषयी काय वाटत असे, हे सांगणारी साधने हवीत. गृहसंगणकाच्या बाबतीत ही साधने फार मोठ्या प्रमाणावर हौशी लोकांनी जतन केली आहेत. ती इतिहासलेखनास कितपत ग्राह्य आहेत, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न होय.

केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च या संस्थेने २३ एप्रिल १९८२ रोजी झेड. एक्स. स्पेक्ट्रम हा संगणक प्रसिद्ध केला. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड, तर ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड होती. यंत्ररचना रिचर्ड ऑल्टवॉसर यांची, बेसिक भाषेची योजना स्टीव्ह व्हिकर्स यांची व बाह्यरूप रिक डिकिन्सन यांचे. प्रक्रियक झेड-८० ए, पडदा म्हणजे घरचा दूरदर्शन संच आणि संचयाचे साधन म्हणजे साधी ध्वनिफीत. १९९२ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

हौशी साधनांचा पहिला थर मुद्रित आहे. यंत्राच्या रॉममध्ये १६,३८४ बाइटांचा स्थायी आज्ञासंच होता. इयान लोगन व फ्रँक ओ'हारा यांनी १९८३ मध्ये त्याचे संपूर्ण विश्लेषण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मूळ संहितेवरील भाष्याचेच हे स्वरूप होय. त्याच मालिकेत क्रिस स्मिथ यांचा २०१० चा ग्रंथ येतो; यंत्राचा पडदा व कळफलक सांभाळणाऱ्या फेरांटी कंपनीच्या चिपेची अंतर्रचना त्यांनी त्यात उलगडली. 'सिंक्लेअर यूझर', 'क्रॅश' आदी नियतकालिकांतील परीक्षणे समकालीन पुरावा म्हणून मोलाची आहेत. मात्र ही नियतकालिके ज्यांच्या कृतींचे परीक्षण करीत, त्यांच्याच जाहिराती छापीत, हे अभ्यासकाने विसरू नये.

दुसरा थर फितींचा. फितीवर प्रत्येक अंक ध्वनिस्पंदाच्या रूपाने नोंदविला जाई. १ या अंकाचा स्पंद ० च्या स्पंदाच्या दुप्पट काळ टिके. नक्कल रोखण्यासाठी काही प्रकाशकांनी हे प्रमाणकाल बदलले. म्हणून फितीच्या जतनाच्या दोन पद्धतींतील भेद महत्त्वाचा ठरतो. 'टॅप' पद्धतीत केवळ बाइट उतरवून घेतले जातात, 'टी. झेड. एक्स.' पद्धतीत स्पंदांचे कालमानही नोंदले जाते. पहिली ही कागदातील मजकुराची नक्कल, तर दुसरी कागदाची घडण व शाईदेखील ध्यानी घेणारी प्रत. याखेरीज संरक्षण काढून टाकलेल्या आणि मध्येच कोणी आपले नाव घातलेल्या प्रतीही प्रचारात होत्या. हे उघड प्रक्षेप होत. यास्तव कोणती प्रत कोणत्या फितीवरून आली, हे पाहिल्याशिवाय तिच्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

तिसरा थर संग्रहांचा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम' या संग्रहाने आज्ञासंच, पुस्तिका व नियतकालिके यांची एकत्र सूची सिद्ध केली. येथे स्वामित्वाचा प्रश्न उभा राहतो. सिंक्लेअरचा संगणकव्यवसाय ॲमस्ट्रॅड कंपनीने एप्रिल १९८६ मध्ये ५० लक्ष पौंडांस विकत घेतला होता. १९९९ मध्ये या कंपनीने आपला हक्क राखून, एम्युलेटरांबरोबर, म्हणजे जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर घडवून आणणाऱ्या आज्ञासंचांबरोबर, रॉमची प्रत देण्यास अनुमती दिली. तथापि ती रॉमपुरती होती. इतर आज्ञासंचांपैकी ज्यांच्या धन्यांनी नकार दिला, त्यांची संग्रहात नोंद राहिली, प्रत राहिली नाही. संग्रहातील उणीव ही नेहमीच गतकाळातील उणीव नसते, ती कधी कायद्याची निष्पत्ती असते.

आणखी एक मर्यादा आहे. हौशी माणूस आपल्या आवडीचे जपतो. त्यामुळे खेळ विपुल जपले गेले. शाळेतील पाठ, दुकानाचे हिशेब, विद्यार्थ्याने वहीत लिहिलेली बेसिकमधील आज्ञावली यांच्या वाट्याला तेवढी आस्था येत नाही. या दृष्टीने महाराष्ट्राचा संबंध लक्षणीय आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ही परवानाप्राप्त आवृत्ती बाजारात आणली. हे यंत्र ज्या घरांत आले, तेथील पावत्या, पुस्तिका, वह्या आणि फिती हीदेखील इतिहाससाधनेच आहेत. चुंबकीय फीत कागदाइतकी टिकत नाही. तिचा लेप झिजतो व ध्वनी क्षीण होतो.

राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली ती घरोघरची दप्तरे धुंडाळून. संग्राहक पदवीधर आहे की हौशी, यावर साधनाचे मोल ठरत नाही. ते अस्सलपणा व परंपरा यांच्या चिकित्सेवर ठरते. हौशी अभ्यासकांनी संग्रहाचे कार्य पार पाडले आहे. चिकित्सेचे कार्य, आणि जे त्यांच्या आवडीबाहेर राहिले त्याचा संग्रह, विद्यापीठीय संशोधकांनी अंगावर घ्यावयास हवा. आणि फितींचे आयुष्य पाहता त्यास विलंब परवडणारा नाही.